एल की एच? एका दगडी अशनीच्या वर्गीकरणाच्या नोंदी, ठाणे

१४ मे २०२३

दगड आज हातात आला. वजन ८६.४ ग्रॅम. भाचीच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला एका माजी विद्यार्थ्याने दिलेला, त्याने तो मोरोक्कोत विकत घेतला होता. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच: सहारा, अवर्गीकृत. असे दगड वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटातून हजारोंनी बाहेर पडलेत आणि बहुतेकांची नेमकी जागा कुणालाच ठाऊक नसते. म्हणून वर्गीकरण झालं की त्यांना गावाचं नाव मिळत नाही, 'वायव्य आफ्रिका' आणि पुढे एक क्रमांक मिळतो.

भाची ऐरोलीला राहते, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हा तिचा प्रकल्प. मी भूशास्त्रातला नाही. वागळे इस्टेटमधल्या धातुपरीक्षणाच्या लॅबमध्ये माझी उभी नोकरी गेली. पण दगडी अशनीत लोखंड-निकेलचे कण असतात आणि वर्गीकरणात त्यांचा शब्द मोठा असतो, तेव्हा तिने मला ओढलं याचा मला फार आनंद आहे. वाटणी सरळ: धातू माझा, सिलिकेट खनिजं तिची.

तिने एक अट घातली. "मामा, तुझे धातूचे आकडे मला आधी सांगायचे नाहीत. मीही माझे सांगणार नाही. शेवटी दोन्ही वह्या एकदम उघडायच्या." अट मला पटली. एकाचा आकडा कळला की दुसऱ्याचा डोळा तिकडेच झुकतो, हे लॅबमध्ये पुष्कळदा पाहिलंय.

दगड तपकिरी-काळा. एका बाजूला वातावरणातून येताना वितळून तयार झालेलं कवच शिल्लक आहे, एक मिलिमीटरहून पातळ. दुसरी बाजू तुटकी, तिथे गंजाचे डाग.

२१ मे

घनता काढली. पाण्यात बुडवायचा नाही, आतलं लोखंड गंजेल. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टांगून वजन केलं: ६५.८ ग्रॅम. आजच्या उकाड्यात अल्कोहोलची घनता ०.७८ धरली तर दगडाची ३.२७ येते. अल्कोहोल भेगांमध्ये थोडंफार शिरतंच, त्यामुळे दुसऱ्या दशांशाचा आग्रह धरणार नाही. आपल्या डोंगरातला बेसॉल्ट २.८ ते ३ च्या दरम्यान असतो, तेव्हा फरक मात्र खरा आहे.

निकेलची चाचणीही झाली. कोपरा कानशीने घासून चकाकता कण उघडा केला, अमोनियाचा थेंब टाकला, डायमिथाइलग्लायॉक्झाइममध्ये भिजवलेला कापूस टेकवला. कापूस गुलाबी झाला. लोखंडात निकेल आहे.

हे चाललेलं असताना शेजारचा मुलगा येऊरच्या वाटेवर सापडलेला जड काळा दगड घेऊन आला. दगडाला चुंबक ओढत होतं, म्हणून तो अशनीच आहे अशी मुलाची खात्री होती. त्याला बसवून नीट दाखवलं. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेलं चुंबक त्याच्याकडेही कलतं. त्याच्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं होती आणि त्यांत पांढरी झिओलाइटं भरलेली. अशनीत अशी छिद्रं जवळजवळ कधीच नसतात. मुलगा हिरमुसला, पण भिंगातून झिओलाइट बघताना पुन्हा खुलला. चुंबकावर थांबायचं नाही, ते फक्त दार उघडतं.

४ जून

दगड कापला. कमी वेगाची हिऱ्याच्या कडेची चकती, गारव्याला पाण्याऐवजी अल्कोहोल, खिडक्या उघड्या, जवळपास ठिणगी पडेल असं काही नाही. एक तुकडा माझ्या पॉलिशसाठी, एक तिच्या थिन सेक्शनसाठी, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ कापासाठी. उरलेला मोठा भाग सीलबंद डब्यात.

कापलेल्या पृष्ठभागावर राखाडी-तपकिरी जमिनीत चांदीसारखे कण चमकले आणि त्यांच्यामध्ये गोल, अर्धगोल ठिपके दिसले. हेच कॉन्ड्रूल. तेव्हा हा कॉन्ड्राइट, म्हणजे कॉन्ड्रूल असलेला दगड, एवढं आज डोळ्यांनीच ठरलं. पुढचे प्रश्न दोन. गट कोणता, म्हणजे एकूण लोह किती: एच (जास्त), एल (कमी) की एलएल (लोह कमी आणि धातूही अगदी कमी). आणि प्रकार कोणता, म्हणजे हा दगड आपल्या मूळ लघुग्रहात किती तापला: ३ ते ६. अक्षर रसायन सांगतं, अंक पोत सांगतो. एकाचं उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही.

११ जून

पाऊस अजून नाही, पण हवा ओली आहे. ठाण्यात या दिवसांत पॉलिश केलेलं साधं लोखंडही रात्रीत डाग धरतं, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठही असतं. म्हणून सगळे नमुने सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये. जेल निळं आहे तोवर ठीक, गुलाबी झालं की तव्यावर हलकं तापवून परत.

माझा तुकडा व्हॅक्यूमखाली एपॉक्सीत बसवला, म्हणजे भेगांत राळ शिरते आणि पॉलिश करताना सिलिकेटचे कण उपटून येत नाहीत. स्टीलला ही काळजी घ्यावी लागत नाही. इथे मऊ धातू आणि ऑलिविनसारखं कडक सिलिकेट खनिज शेजारी शेजारी असतात, हात जरा जड पडला की धातू खोलगट होतो. शेवटी एक मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, डायमंड पेस्ट. हे काम घाईने होत नाही आणि करूही नये.

२ जुलै

आज थिन सेक्शन पाहिलं. संपूर्ण रविवार यात गेला आणि सार्थकी लागला.

काप ३० मायक्रॉन जाडीचा हवा. जाडी ओळखायला भूशास्त्रज्ञ सहसा क्वार्ट्झकडे बघतात: क्रॉस निकोलमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या दोन आडव्या-उभ्या ध्रुवक गाळण्यांमधून, ते राखाडी-पांढरं दिसलं की थांबायचं. पण साध्या कॉन्ड्राइटमध्ये क्वार्ट्झ सापडायचं कुठून? सेक्शन बनवणाऱ्या काकांनी काचेवर शेजारीच ग्रॅनाइटची एक कपची चिकटवली होती आणि दोन्ही बरोबर घासत नेले. मला हा उपाय फार आवडला.

भाचीने आधी मला पारसिक डोंगरातल्या बेसॉल्टची स्लाइड दाखवली. लांबट प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या कांड्या, त्यांच्या फटींत पायरॉक्सीन, कुठे कुठे ऑलिविन. सगळे कण एकमेकांत गुंतलेले, कारण एकाच वितळलेल्या रसातून ते वाढले. मग तिने अशनीची स्लाइड चढवली. खनिजांची यादी काढली तर फार वेगळी नाही: ऑलिविन, पायरॉक्सीन, थोडं फेल्डस्पार. धातू आणि ट्रॉयलाइट (लोखंड-गंधकाचं खनिज) सोडले तर नावं ओळखीचीच. बांधणी मात्र पूर्ण निराळी. इथे एकच रस नव्हता. सूर्याभोवतीच्या धुळीत थेंब थेंब वितळला, गोठला आणि नंतर हे थेंब एकत्र येऊन दगड झाला. साडेचार अब्ज वर्षांहून जुने थेंब.

एका कॉन्ड्रूलवर आम्ही बराच वेळ थांबलो. जेमतेम पाऊण मिलिमीटर व्यासाचा. आत ऑलिविनच्या समांतर पट्ट्या, खिडकीच्या गजांसारख्या, आणि भोवती ऑलिविनचंच कडं. क्रॉस निकोलमध्ये पट्ट्या निळ्या-जांभळ्या. स्टेज, म्हणजे स्लाइडखालची गोल बैठक, फिरवलं की सगळ्या पट्ट्या एकाच क्षणी काळ्या होतात आणि पुन्हा एकदमच उजळतात. याचा अर्थ त्या वेगवेगळ्या नाहीतच, एकच स्फटिक आहे, पातळ पापुद्र्यांनी वाढलेला. थेंब पूर्ण वितळलेला असला आणि झपाट्याने थंड झाला की असं घडतं. स्टेज मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो. भाची म्हणाली, "मामा, पट्ट्या सुंदर आहेत, पण उत्तर पट्ट्यांच्या मधल्या जागेत आहे."

ते खरंच तिथे होतं. न तापलेल्या, तिसऱ्या प्रकारच्या कॉन्ड्राइटमध्ये पट्ट्यांमध्ये स्वच्छ काच असते आणि क्रॉस निकोलमध्ये ती काळीच राहते, स्टेज कितीही फिरवा. मध्य प्रदेशात १९४० साली पडलेल्या सेमरकोना अशनीत अशी काच शाबूत आहे. त्या दगडाचा प्रकार ३.०० मानतात, साध्या कॉन्ड्राइटमधला सगळ्यांत कमी बदललेला म्हणून त्याला जगभर मान आहे. गुजरातचा धजाला, २८ जानेवारी १९७६ ला पडलेला, ३.८ आहे. आमच्या दगडात मधली जागा गढूळ आहे आणि अंधारात बारीक ठिणग्यांसारखी उजळते. काच जाऊन तिथे फेल्डस्पारचे सूक्ष्म स्फटिक झालेत. म्हणजे दगड तापला. तिसरा प्रकार बाद.

९ जुलै

आज फक्त पायरॉक्सीन. चौथ्या प्रकारापर्यंतच्या दगडांत कमी कॅल्शियमच्या पायरॉक्सीनचा बराच भाग जुळ्या पट्ट्यांचा असतो आणि तिरकस कोनात काळा पडतो. जास्त तापल्यावर तोच ऑर्थोपायरॉक्सीन होतो, पट्ट्या जातात आणि कण सरळ काळा पडतो. कण-कण तपासला, जवळजवळ सगळे सरळ. चौथाही बाद.

राहिले पाच आणि सहा. तिथे फेल्डस्पारच्या कणाचा आकार बोलतो. सहाव्यात तो ५० मायक्रॉनच्या वर गेलेला असतो आणि कॉन्ड्रूलच्या कडा आसपासच्या जमिनीत विरघळल्यासारख्या होतात. आमच्याकडे फेल्डस्पार त्याहून पुष्कळ बारीक आहे. कडा पुसट झाल्यात, पण कॉन्ड्रूल शोधावे लागत नाहीत, आपोआप दिसतात. पाच.

ही भट्टी कसली होती? छोट्या लघुग्रहाला आतून तापवायला मुख्यतः ॲल्युमिनियम-२६ पुरलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं, त्यामुळे उष्णता सौरमालेच्या अगदी सुरुवातीलाच मिळाली आणि मग आटली. खोलवरचा दगड जास्त भाजला, वरचा कमी.

३० जुलै

माझी पाळी. गट ठरवायचा तर धातू मोजायचा. एच गटात धातू आकारमानाने साधारण ८ टक्के, एलमध्ये ३ ते ४, एलएलमध्ये २ किंवा त्याहून कमी. स्टीलमधला घटक मोजतो तसंच पॉइंट काउंट: डोळ्याच्या भिंगात जाळी, जाळीच्या प्रत्येक छेदबिंदूखाली काय आहे ते लिहायचं, नमुना सरकवायचा, पुन्हा लिहायचं. परावर्तित प्रकाशात ओळख सोपी आहे. धातू पांढराशुभ्र, ट्रॉयलाइट फिकट पितळी, गंज राखाडी, सिलिकेट काळपट.

आकडे: शिल्लक धातू २.४ टक्के, गंज ३.९ टक्के.

आता खरी अडचण. हा दगड वाळवंटात किती हजार वर्षं पडून होता कोण जाणे, त्याच्या धातूचा बराच भाग गंजला आहे. मूळ धातू किती होता हे गंजावरून मागे जाऊन काढावं लागेल. लोखंडाचं गोएथाइट, म्हणजे गंजातलं मुख्य खनिज, झालं की आकारमान सुमारे तिपटीने वाढतं. सगळा गंज धातूचाच आणि तिपटीने फुगलेला धरला तर ३.९ टक्के गंज म्हणजे १.३ टक्के धातू, एकूण ३.७, सरळ एल. पण कित्येक कणांत गंज जुन्या कणाच्या सीमारेषेतच बसलाय, बाहेर सांडलेलाच नाही, जास्तीचं लोह भेगांतून झिरपून गेलंय. तसं धरलं तर एकूण ६.३, आणि तो आकडा एचकडे झुकतो. शिवाय थोडा गंज ट्रॉयलाइटचाही असणार.

दोन्ही गणितं वहीत मांडली. धातूवरून एलएल नक्की नाही. एल की एच, एवढ्यावरून सांगता येत नाही. एक आकडा निवडून लिहायचा मोह होण्यासारखी जागा आहे, पण लॅबमध्ये ज्या अहवालाखाली सही केली त्यात मोजलं नाही ते कधी लिहिलं नाही. इथेही नाही.

१३ ऑगस्ट

नमुन्यावर दोन टक्के नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये नायट्रिक आम्ल, काही सेकंद. कमी निकेलचा लोखंडी धातू, कॅमसाइट, मंद झाला, जास्त निकेलचा टीनाइट चमकत राहिला. टीनाइटच्या काही कणांत कडा स्वच्छ उजळ आणि पोट ढगाळ. निकेल कडेकडून आत सरकता सरकता तापमान इतकं उतरलं की त्याला पुढे जाता आलं नाही, आणि तो प्रवास कणात तसाच गोठून राहिला. या दगडांचा थंड होण्याचा वेग दहा लाख वर्षांत काही अंश ते काही शे अंश असा मोजतात. माझ्या हाताखाली भट्टीत रात्रभर सावकाश थंड केलेले नमुने गेलेत, त्याला आम्ही सावकाश म्हणत होतो!

कॅमसाइटमध्ये सरळ बारीक रेषाही उमटल्या: न्यूमान पट्टे. थंड लोखंडावर जोराचा आघात झाला की स्फटिकात हे जुळे पट्टे पडतात. मऊ स्टीलमध्ये ते मी कितीदा पाहिलेत. त्यांचं पहिलं वर्णन मात्र १८४८ साली एका लोखंडी अशनीवरून झालं.

म्हणजे दगडाला टक्कर बसली आहे. किती जोराची, हे ऑलिविन सांगतं. त्याची मोजपट्टी श्टोफ्लर, काइल आणि स्कॉट यांनी १९९१ साली नक्की केली, एस१ ते एस६, आघात वाढत जाईल तसा अंक मोठा. भाचीच्या स्लाइडमध्ये ऑलिविनचे मोठे कण एकदम काळे पडत नाहीत, सावली कणावरून सरकत जाते, आणि बऱ्याच कणांत समांतर सपाट भेगा आहेत. कणाचे ठिकऱ्या-ठिकऱ्यांसारखे दिसणारे तुकडे नाहीत, तेव्हा एस४ नाही. फेल्डस्पारची काच, म्हणजे मास्केलिनाइट, कुठेच नाही, तेव्हा एस५ नाही. एस३.

मास्केलिनाइट पहिल्यांदा वर्णिलं गेलं ते १८७२ साली, बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या अशनीतून. आपल्या लोणारच्या विवरातल्या आघात झालेल्या बेसॉल्टमध्येही ते सापडतं. भाचीने लोणारची स्लाइड तुलनेला ठेवली होती: फेल्डस्पारच्या कांड्यांचा आकार शाबूत आणि क्रॉस निकोलमध्ये पूर्ण काळोख. एकदा असं पाहिलं की चुकायला जागा राहत नाही.

१० सप्टेंबर

मायक्रोप्रोबचे आकडे आले. पॉलिश केलेल्या सेक्शनवर कार्बनचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉनचा झोत मायक्रॉनभर जागेवर टाकायचा आणि निघालेल्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजायची. भाचीने दोन गोष्टी मागितल्या होत्या, ऑलिविनमधलं फायलाइटचं प्रमाण आणि पायरॉक्सीनमधलं फेरोसिलाइटचं, म्हणजे त्या त्या खनिजातला लोहाचा वाटा. मी तिसरी घुसवली होती: कॅमसाइटमधलं कोबाल्ट.

जेवणानंतर दोन्ही वह्या टेबलावर उघडल्या.

तिचे: फायलाइट २४.७, फेरोसिलाइट २०.९, मोल टक्क्यांत. एच गटात फायलाइट १६ ते २०, एलमध्ये २२ ते २६, एलएलमध्ये त्याच्या वर. एल, निःसंशय. शिवाय कणाकणांत आकडा जवळजवळ हलत नाही. तिसऱ्या प्रकारात तो कणागणिक बदलला असता, तेव्हा पोतावरून जे ठरवलं त्याला इथे वेगळ्या वाटेने दुजोरा मिळाला.

माझे: धातू ३.७ ते ६.३, आणि कोबाल्ट ०.८३ टक्के. कोबाल्टला जपावं लागलं, कारण लोखंडाची एक क्ष-किरण रेषा कोबाल्टच्या मुख्य रेषेवर चढते आणि ती वजा केली नाही तर कोबाल्ट फुगून दिसतं. ते लॅबवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. एच गटात कॅमसाइटमधलं कोबाल्ट अर्ध्या टक्क्याच्या आसपास, एलमध्ये ०.७ ते ०.९५. इथेही एल.

१९१६ साली खनिजशास्त्रज्ञ प्रायर यांनी लिहून ठेवलंय, कॉन्ड्राइटमध्ये धातू जितका कमी तितकं त्या धातूत निकेल जास्त आणि सिलिकेटमध्ये लोह जास्त. माझा धातू आणि तिचं ऑलिविन एकाच लोहाच्या दोन वाटण्या आहेत. माझी वाटणी गंजाने खाल्ली, तिची तशीच राहिली, कारण इतक्या गंजाने ऑलिविनला हात लागत नाही. जुन्या वाळवंटी दगडात धातूची मोजणी साक्षीला घ्यावी, निवाडा मात्र ऑलिविनकडे द्यावा, हे माझं मत आता पक्कं झालंय.

भाची खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "काटोलचा पण एलच आहे ना, मामा?" आहे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २२ मे २०१२ च्या दुपारी पडलेला, एल६. आमच्यापेक्षा जास्त तापलेला. भारतात पडलेले असे दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यायचे असतात, तोही तिकडे गेला.

२४ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या धावपळीत फक्त गंजाची प्रत नक्की केली. व्लोट्झका यांची १९९३ ची पट्टी: डब्ल्यू२ म्हणजे २० ते ६० टक्के धातू गंजलेला, डब्ल्यू३ म्हणजे ६० ते ९५. कणांच्या जुन्या सीमारेषा धरून प्रत्येक कणात किती उरलंय ते पाहिलं. बहुतेक निम्म्याच्या आगेमागे. डब्ल्यू२, पण त्याच्या वरच्या कडेला. अहवालात हे शेवटचे चार शब्दही लिहायचे, असं ठरलं.

८ ऑक्टोबर

अशनींना अधिकृत नाव देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण समितीला पाठवायचा मजकूर तयार: एल५, एस३, डब्ल्यू२. नाव हवं असेल तर नमुन्याचा काही भाग कायमचा एखाद्या मान्य संग्रहात द्यावा लागतो, २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांतलं जे कमी असेल ते. आमच्या दगडाचा पाचवा हिस्सा १७.३ ग्रॅम. कवच असलेली बाजू त्यात जाईल असा काप घेतला, म्हणजे पुढे कुणाला तपासायचं तर दगडाची बाहेरची आणि आतली दोन्ही अंगं मिळतील. वजन १७.९ भरलं. थोडं जास्तच द्यावं.

कापताना उरलेल्या भागात केसाएवढी एक काळी शीर दिसली, तिरकी, दोन कॉन्ड्रूलना छेदून गेलेली. टक्करीच्या वेळी क्षणभर वितळलेली शीर असावी. काटोलच्या दगडात अशाच शिरांमध्ये प्रचंड दाबाखाली तयार झालेली खनिजं सापडलीत. एस३ च्या दगडात तेवढी अपेक्षा धरता येत नाही, पण शीर न बघता सोडायची नाही. भाचीने तो तुकडा वेगळ्या डबीत घालून वर लिहिलं: शीर, एपॉक्सीत बसवणे, मामा.